दुखऱ्या खांद्याचा हिशेब

वजनं उचलणाऱ्या माणसाचा खांदा सहसा एका दिवसात जात नाही. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवलं, तेव्हा क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याचा उजवा कोपर दुखावला आणि ती दुखापत लोकांनी टीव्हीवर पाहिली. तिला तारीख होती, क्षण होता, कारण होतं. गावोगावच्या व्यायामशाळांत वर्षानुवर्षं ठणकणाऱ्या खांद्यांना यातलं काहीच नसतं. कधीपासून दुखतंय, असं विचारलं की ‘बरेच दिवस झाले’ एवढंच उत्तर येतं. आधी बेंच प्रेसचा शेवटचा सेट मारताना खांद्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी बोचतं. मग टी-शर्ट डोक्यावरून काढताना बोचतं, मग त्या कुशीवर झोपता येत नाही. पंधरा दिवस सुट्टी घेतली की बरं वाटतं, परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात रॉडला जुन्या प्लेट्स चढतात आणि दुखणंही परत येतं. शिकवण्याच्या कामात हा खांदा इतक्या वेळा समोर येतो की त्याबद्दल काही ठाम मत बनल्याशिवाय राहत नाही. माझं मत असं, की बहुतेक वेळा हा प्रश्न वजनाच्या मात्रेचा असतो. म्हणून इलाजही मात्रेतच शोधावा लागतो, आणि तो शोधताना वजन उचलणं पूर्ण बंद करण्याची वेळ क्वचितच येते. हे म्हणणं सोपं वाटतं, पण त्याला डॉक्टर, ट्रेनर, घरची मंडळी आणि खुद्द उचलणारा अशा सगळ्यांकडून वेगवेगळे आक्षेप असतात, आणि त्यातले काही चांगले वजनदार आहेत.

आधी सांध्याकडे पाहू. दंडाच्या हाडाचं गोल डोकं फऱ्याच्या ज्या खोबणीत बसतं ती इतकी उथळ असते की बशीत लिंबू ठेवावं तसा तो प्रकार आहे. खुब्याचा सांधाही उखळीचाच, पण त्याची उखळ खोल असते, म्हणून पाय खांद्यासारखा चहूकडे फिरत नाही. हाताला ही मोकळीक मिळाली ती स्थैर्य कमी करून. ते लिंबू जागेवर धरून ठेवण्याचं काम बरंचसं चार लहान स्नायूंवर आणि त्यांच्या टेंडनवर पडतं: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. हे स्नायू आरशात दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी कुणी व्यायामशाळेत नाव नोंदवत नाही. दिसते ती छाती आणि डेल्टॉइडचा पुढचा गोळा, आणि मेहनत तिथेच जाते. वजनी व्यायामातल्या दुखापतींचा आढावा घेणाऱ्या कोल्बर आणि सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या लेखात नोंदलेल्या दुखापतींपैकी ३६ टक्क्यांपर्यंत दुखापती खांद्याच्या होत्या. याचा अर्थ वजनं उचलणं हाच धोक्याचा धंदा आहे, असा मात्र कुणी काढू नये. कीओ आणि विनवूड यांनी २०१७ साली केलेल्या आढाव्यात शरीरसौष्ठवासाठी व्यायाम करणाऱ्यांना दर हजार तासांमागे एक किंवा त्याहूनही कमी दुखापत झालेली दिसते. दुखापती थोड्या होतात, पण ज्या होतात त्यांत खांद्याचा वाटा मोठा असतो, आणि तो का मोठा असतो ते आपल्याकडच्या आठवड्याच्या वेळापत्रकात दिसतं.

ते वेळापत्रक कोल्हापुरात पाहिलं काय आणि कल्याणात पाहिलं काय, थोड्याफार फरकाने एकच असतं. सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, गुरुवारी बायसेप्स-ट्रायसेप्स, शुक्रवारी जमलं तर लेग्ज आणि शनिवारी मन भरलं नाही म्हणून पुन्हा चेस्ट. कागदावर खांद्याचा वार एकच. प्रत्यक्षात छातीच्या दिवशी प्रत्येक प्रेसमध्ये खांदा आहे, ट्रायसेप्सच्या दिवशी डिप्स आणि क्लोज ग्रिप बेंचमध्ये आहे, पाठीच्या दिवशी पुल-अप आणि पुलडाउनमध्ये आहे. ६० किलोचा बेंच प्रेस दहा-दहाचे चार सेट मारला तर २४०० किलो झाले. त्यावर ५० किलोचे इनक्लाइनचे तीन सेट म्हणजे १५००, आणि ६० किलोचे डिक्लाइनचे तीन म्हणजे १८००. तासाभरात साडेपाच टनांच्या वर वजन खांद्याच्या पुढच्या बाजूने सोसलं, आणि त्यात फ्लाय, डिप्स अजून धरलेच नाहीत. वहीत ही बेरीज कुणी मांडत नाही. वहीत असतो तो फक्त सगळ्यात जड सेट.

दुसरी गडबड वाढीच्या पायरीत आहे. बहुतेक ठिकाणी सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक चढवली की ४० किलोचे एकदम ४५ होतात. ही साडेबारा टक्क्यांची वाढ झाली. डंबेलचं तर विचारूच नका. हात बाजूला उचलण्याच्या लॅटरल रेजमध्ये ५ किलोच्या डंबेलवरून पुढच्या डंबेलवर, म्हणजे साडेसातवर गेलेला माणूस एका उडीत ५० टक्के वजन वाढवतो, आणि ते वजन लांबवलेल्या हाताच्या टोकाला असतं. स्नायू ही उडी कशीबशी निभावतो. टेंडन स्नायूपेक्षा सावकाश बदलतं, त्याला ती झेपेलच असं नाही. त्यात व्यायामशाळेबाहेरचा भार असतोच. पुण्यात ढोल-ताशा पथकांचा सराव गणपतीच्या बऱ्याच आधी सुरू होतो. पथकातला पोरगा संध्याकाळी कमरेला ढोल बांधून तास-दोन तास वाजवतो किंवा ध्वज नाचवतो आणि सकाळी शोल्डर मारायला येतो. सकाळच्या हिशेबात संध्याकाळ धरलेली नसते. तसंच सुट्टीनंतरच्या पुनरागमनाचं. करोनाच्या काळात बंद झालेल्या महाराष्ट्रातल्या व्यायामशाळा २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याला उघडल्या. मधे सात महिने गेले होते, पण रॉडवरचं वजन ठरवलं जात होतं ते मार्च महिन्याच्या आठवणीवर.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो घरातून येतो: दुखतंय ना, मग बंद कर, विश्रांती घे, आपोआप बरं होईल. तीव्र दुखापतीच्या पहिल्या काही दिवसांपुरता हा सल्ला ठीकच आहे. जुनाट टेंडनदुखीत मात्र तो फसतो, आणि का फसतो हे टेंडनच्या घडणीवरून कळतं. टेंडन मुख्यतः कोलॅजनचं बनलेलं असतं. त्यावर भार पडला की पुढचे दोन-तीन दिवस नव्या कोलॅजनची निर्मिती वाढलेली राहते, भार काढून घेतला की तो इशाराच थांबतो. दीर्घकाळ अंथरुणावर ठेवलेल्या लोकांवरच्या अभ्यासांत टेंडनचा ताठरपणा घटलेला आढळला. शिवाय टेंडनच्या गाभ्यातली उलाढाल अतिशय मंद असते. डेन्मार्कमधल्या कात्या हायनेमायर यांच्या गटाने २०१३ साली याचा एक विलक्षण पुरावा दिला. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ टाचेवरच्या टेंडनमध्ये किती सापडतो, हे मोजून त्यांनी दाखवलं की त्या टेंडनचा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. तो अभ्यास टाचेचा आहे, खांद्याचा नाही, हे मान्य. पण पंधरा दिवसांच्या सुट्टीत आतून काही नवं विणलं जाईल, या आशेला त्यातून फारसा आधार मिळत नाही. पंधरा दिवसांत दुखणं शांत होतं, कारण चिडवणारा भार थांबलेला असतो. झेपेल त्या भाराची मर्यादा मात्र तेवढ्या काळात वाढत नाही, उलट थोडी खालीच येते. म्हणून सुट्टीनंतर जुनं वजन आणखी जड पडतं.

बर्फ, मलम आणि गोळ्यांबद्दल थोडक्यात. ‘विश्रांती, बर्फ, दाब, उंची’ हे सूत्र रूढ करणारे अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी ते १९७८ साली मांडलं होतं, आणि पुढे बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे बरं होणं लांबू शकतं असं स्वतःच म्हटलं. डायक्लोफेनॅकची गोळी घेऊन चेस्ट मारायला येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना उपचार नको असतो, दुखण्याने दिलेली सूचना बंद करायची असते. तेल आणि मालिश यांनी बरं वाटत असेल तर खुशाल करावं, फक्त बरं वाटलं म्हणून त्या दिवशी वजन वाढवू नये.

दुसरा आक्षेप फिल्म घेऊन येतो. एमआरआयमध्ये ‘पार्शल टेअर’ लिहिलेलं असतं आणि माणूस विचारतो, फाटलेल्या टेंडनवर वजन कसं टाकायचं? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: न दुखणाऱ्या खांद्यांचे एमआरआय काढले तर काय दिसतं? शेर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली नेमकं हेच केलं. कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ लोकांच्या खांद्यांपैकी ३४ टक्क्यांत रोटेटर कफला कमी-अधिक फाट होती. साठीपुढच्यांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होतं, तर १९ ते ३९ वयाच्यांमध्ये ४ टक्के. २०११ साली गिरीश आणि सहकाऱ्यांनी ४० ते ७० वयाच्या, खांदा न दुखणाऱ्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी केली, तेव्हा ९६ टक्क्यांच्या खांद्यात काही ना काही वेगळं सापडलं. म्हणजे चाळिशीनंतर खांद्यात काही सापडणं हा जवळजवळ नियमच आहे, केस पिकण्याइतका साधा. अहवालातली ओळ खोटी नसते. पण दुखण्याचं कारण तीच, हे त्या ओळीने सिद्ध होत नाही. विशीतल्या पोराच्या अहवालात फाट दिसली तर तिला जास्त महत्त्व द्यावं, हेही याच आकड्यांवरून ठरतं. मला अहवालांपेक्षा त्यांच्या परिणामाची काळजी वाटते. ‘फाटलंय’ हे एकदा वाचलं की माणूस तो हात जपायला लागतो, बाजारातली पिशवीसुद्धा दुसऱ्या हातात घेतो, आणि आधीच कमी झालेली ताकद आणखी कमी होते.

तिसरा आक्षेप सगळ्यात भारदस्त आहे, कारण त्यामागे अर्धशतकाची शस्त्रक्रिया उभी आहे. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९७२ साली मांडलं की हात वर उचलताना टेंडन वरच्या हाडाच्या कमानीखाली चेपलं जातं, घासलं जातं आणि शेवटी फाटतं. तेव्हा कमान तासून जागा मोकळी करावी. कल्पना इतकी पटण्याजोगी होती की कोणालाही कागदावर काढून दाखवता येते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणं सोपं झालं तसं तिचं प्रमाण वाढत गेलं. एकट्या इंग्लंडमध्ये २००० च्या सुमारास वर्षाला अडीच हजार होणाऱ्या या शस्त्रक्रिया दहा वर्षांत एकवीस हजारांवर गेल्या. मग कुणीतरी खरा प्रश्न विचारला: बरं वाटतं ते हाड तासल्यामुळे की शस्त्रक्रिया झाली या जाणिवेमुळे? ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचं हाड तासलं, दुसऱ्याच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली, तिसऱ्यावर काहीच केलं नाही. २०१७ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात फरक नव्हता, आणि काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट जे थोडे पुढे होते, तो फरकही रुग्णाला जाणवावा इतका मोठा नव्हता. २०१८ साली फिनलंडमधल्या चाचणीनेही दोन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर तेच सांगितलं. २०१९ मध्ये ‘बीएमजे’ने नेमलेल्या तज्ज्ञगटाने या दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली. शल्यविशारदांवर टीका करण्यासाठी मी हे सांगत नाही. नीर यांच्या सिद्धांतातला ‘घासून झिजणारा भाग’ व्यायामशाळांतल्या बोलण्यात अजून जिवंत आहे, म्हणून सांगतो. हाड तासूनही न तासल्याइतकाच फरक पडत असेल, तर दुखण्याचं मूळ जागेच्या टंचाईत शोधणं कमी करावं आणि टेंडनवर काय, किती आणि कितीदा टाकलं याकडे वळावं.

पण मग जाणकार वाचक माझ्याच अंगावर एक अभ्यास टाकेल, आणि टाकायलाच हवा. २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत रोटेटर कफच्या दुखण्याचे ७०८ रुग्ण होते. काहींना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सहा भेटींपर्यंत वाढत्या भाराचा व्यायाम दिला, काहींना एकाच भेटीत नीट समजावून व्यायाम घरी करायला सांगितला. वर्षभराने दोन्ही गट सारखेच. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने सुरुवातीचे काही आठवडे थोडा आराम दिला, वर्षअखेर त्याचाही मागमूस नव्हता. मग वाढत्या भाराचं माझं कौतुक फुकटच का? काही अंशी हो. एखादा विशिष्ट व्यायाम जादू करतो, अमुक रबरबँडचा अमुक कोन साधला की खांदा बरा होतो, असं सांगून पॅकेज विकणाऱ्यांना या निकालाने चांगलंच उघडं पाडलं आहे. पण एका चांगल्या भेटीनंतर माणूस आपला आपण सांभाळू शकतो, हेही त्याच निकालातून निघतं, आणि आपल्यासारख्या देशात, जिथे दर भेटीचे पैसे खिशातून जातात, ते फार मोलाचं आहे. शिवाय त्या चाचणीत आले होते ते सर्वसाधारण प्रौढ लोक. वजनं उचलणाऱ्याची स्थिती वेगळी असते. त्याला व्यायाम सुरू करायचा नसतो, तो आधीच जास्त करत असतो. त्याला हवा असतो तो आधी उतार आणि मग सावकाश चढ. इंजेक्शनचा धोकाही त्यालाच जास्त. आराम पडला त्याच आठवड्यात तो जुन्या वजनावर जातो.

चौथा आक्षेप ट्रेनर लोकांचा: फॉर्म चुकला म्हणून खांदा गेला. यात तथ्य आहे, पण सांगितलं जातं तेवढं नाही. काही स्थिती खांद्याला खरोखर महाग पडतात. बेंच प्रेसला पकड खांद्यांच्या रुंदीच्या दीडपटीपेक्षा रुंद घेतली की सांध्यावरचा पीळ वाढतो. अपराइट रोमध्ये कोपर खांद्याच्या वर नेले, मानेमागून प्रेस किंवा पुलडाउन केलं, की हात वाकड्या वळणावर असताना भार पडतो. पकड आवळणं, रॉडऐवजी डंबेल घेऊन तळवे समोरासमोर ठेवणं, जमिनीवर झोपून प्रेस करणं म्हणजे कोपर जास्त खाली जाणार नाहीत, प्रेसइतक्याच रोइंगच्या ओढी मारणं, हे बदल कामाचे आहेत. मात्र याच फॉर्मने हाच माणूस दोन वर्षं न दुखता उचलत होता, याचं उत्तर फॉर्मवाल्यांकडे नसतं. फॉर्म बदलणं म्हणजेही शेवटी तोच भार वेगळ्या जागी वाटून देणं. ते मात्रेच्या हिशेबाबाहेरचं नाही. आणि रॉड छातीला टेकलाच पाहिजे हा नियम पॉवरलिफ्टिंगच्या पंचांसाठी आहे. दुखऱ्या खांद्याने चार बोटं वर थांबायला कुणाची हरकत असू नये.

जुन्या तालमीतल्या लोकांचा आक्षेप मला ऐकायला आवडतो, पटत नाही. आमच्या वेळी जोर-बैठका होत्या, मुद्गल होते, मल्लखांब होता, कुणाचा खांदा दुखत नव्हता, असं ते म्हणतात. दुखत होता, ज्याचा दुखला तो तालमीतून गेला आणि सांगायला उरला नाही. मुद्गल फिरवण्यात मात्र एक गोष्ट खरंच शहाणपणाची होती: भार हलका, फेऱ्या जास्त, आणि खांदा सगळ्या दिशांना फिरायचा. सपाट बाकावर झोपून एकाच रेषेत ढकलत राहण्यापेक्षा तो आहार खांद्याला बरा. जोर मात्र शेकड्यांनी मारले तर खांद्याच्या पुढच्या बाजूला बेंच प्रेसइतकाच हिशेब द्यावा लागतो.

सगळ्यात खोचक आक्षेप शेवटचा आहे. ज्याला व्यायाम सोडवत नाही त्यानेच रचलेली ही सोयीची उपपत्ती, असं कुणी म्हणेल. व्यसनी माणूसही मात्रेच्याच गोष्टी करतो. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण व्यायामशाळेत दुखणं लपवणं हा पुरुषार्थ समजला जातो. पण उपपत्तीची परीक्षा ती काय मागते यावरून करावी. पूर्ण बंद करणं त्या मानाने सोपं आहे. ‘डॉक्टरांनी नाही सांगितलंय’ असं म्हटलं की चारचौघांत मान राहते. मात्रेचा हिशेब मागतो तो वेगळाच त्याग: मित्र शेजारच्या बेंचवर ८० किलो मारत असताना आपण ३०वर थांबायचं, तेही काही आठवडे, आणि तिथून किलोकिलोने वर यायचं. ज्याला हे जमत नाही तो खरंच स्वतःला फसवतो आहे, आणि त्याने बंदच करावं. मोठ्या खेळाडूंनाही हे करावं लागतं. मीराबाई चानूची स्नॅच पाठ आणि खांद्याच्या असमतोलामुळे अडत होती. २०२० च्या ऑक्टोबरात ती अमेरिकेत डॉ. ॲरन हॉर्शिग यांच्याकडे गेली आणि त्या असमतोलावर काम केलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये ताश्कंदला तिने ११९ किलोच्या क्लीन अँड जर्कचा विश्वविक्रम केला आणि जुलैत टोकियोला एकूण २०२ किलोंसह रौप्य मिळवलं. एका खेळाडूवरून सिद्धांत होत नाही. पण ज्यांचं पोटच वजनावर आहे त्यांच्याकडेही तुटकं उत्तर नसतं, एवढं त्यावरून दिसतं.

दुखत असताना उचलायचं म्हणजे किती दुखेपर्यंत, याला स्वीडनमधल्या सिल्बरनागेल यांच्या गटाने २००७ साली टाचेच्या टेंडनवर वापरलेला नियम उपयोगी पडतो. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर पाचपर्यंतचं दुखणं चालेल, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं पाहिजे आणि आठवड्यागणिक चढता कामा नये. त्या अभ्यासात धावणं-उड्या चालू ठेवलेल्यांचं, त्या थांबवलेल्यांपेक्षा काही बिघडलं नाही. खांद्याला हा नियम लावणं हे अनुमान आहे, पण वागायला सोपं अनुमान आहे. खांद्यासाठी मी पाचाऐवजी तीन धरायला सांगतो, कारण मोजणारा माणूस आपल्या दुखण्याला नेहमी दोन गुण कमी देतो.

मात्रेचा हिशेब सगळ्या खांद्यांना लागू नाही, आणि याबाबतीत घोळ घातला तर नुकसान होतं. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात एकदम उचलेनासा झाला, खांदा निखळला, तर तो शल्यविशारदाचा रुग्ण आहे, आणि उशीर करू नये. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मान तपासावी लागते. ताप आणि सुजेसह दुखणारा सांधा, किंवा चालताना-चढताना घामासह येणारी डाव्या खांद्याची कळ, यांचा वजनाशी संबंध नाही. तिथे तडक डॉक्टर. चाळिशीपुढे खांदा हळूहळू आखडत गेला, दुसऱ्याने हलवूनही हलेना, तर ‘फ्रोझन शोल्डर’ असण्याची शक्यता मोठी, आणि तो मधुमेहींना कितीतरी जास्त होतो. आयसीएमआरच्या २०२३ सालच्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, तेव्हा बेंच प्रेसला दोष देण्याआधी साखर तपासावी. खांद्याच्या वरच्या टोकाला, कॉलरबोनच्या सांध्यावर बोट ठेवून दुखतं असं सांगणाऱ्या जड प्रेसवाल्यांची गोष्ट निराळी. काहिल यांनी १९८२ साली वर्णिलेला, हाडाचं टोक विरघळण्याचा तो प्रकार असू शकतो. तो एक्स-रेत दिसतो आणि त्यात प्रेस खरंच काही काळ बंद करावे लागतात. आणखी दोन गोष्टी दुकानातून येतात. सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिनसारख्या अँटिबायोटिकमुळे टेंडन तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ पासून त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे. हा कोर्स चालू असताना जड वजन नको. आणि ॲनाबॉलिक स्टेरॉइडने स्नायू ज्या वेगाने फुगतो त्या वेगाने टेंडन तयार होत नाही, हे विकणारा कधीच सांगत नाही.

बाकीच्यांनी, म्हणजे बहुसंख्यांनी, वहीत जड सेटशेजारी आठवड्याची बेरीज लिहावी, दाबण्याचे दिवस चारांवरून दोनावर आणावेत आणि न दुखणाऱ्या वजनापासून पुन्हा चढायला लागावं. महिने लागतील. पण वर म्हटलेली किलोकिलोची चढण प्रत्यक्षात करायची तर तेवढ्या लहान पायऱ्या व्यायामशाळेत असाव्या लागतात, आणि त्या नसतात. म्हणून शेवटची विनंती व्यायामशाळा चालवणाऱ्यांना आहे. पुढच्या खरेदीत आणखी एक केबल मशीन घेण्याआधी अर्ध्या आणि सव्वा किलोच्या प्लेट्सच्या चार-चार जोड्या आणि एकेक किलोने वाढणारे दहापर्यंतचे डंबेल घ्या. मशीनच्या मानाने खर्च किरकोळ आहे.